जगभरचे धोंडू

३ नोव्हें., रुस्ताक, ओमान
रेश्माला मुलगी झाली. सकाळी सव्वादहाला. दोन महिने आधीच. वजन एक किलो ऐंशी ग्रॅम. जावयाचा, नितीनचा, फोन आला तेव्हा लेथवर पंपाचा शाफ्ट चढवलेला होता. मशीन बंद केलं, वर्कशॉपच्या दारात जाऊन उभा राहिलो. मंदा पंधरा दिवसांपासून लेकीकडे, मस्कतच्या कुरुमलाच आहे, ते बरं झालं.
मागच्या वर्षी रेश्माचं पोटातलं गेलं. या वेळी तसं नको. याहून जास्त आज लिहीत नाही.

४ नोव्हें.
अर्बाबने, म्हणजे मालकाने, गाडी दिली. दोन तासांत मस्कत. हॉस्पिटलात काचेची पेटी, नळ्या, छातीला चिकटवलेल्या वायरी. पेटीवर कार्ड: ‘बेबी ऑफ रेश्मा’. नाव नाही.
तीस वर्षं लेथवर आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत बुश बसवतो आणि वर कॉलर ताठ करतो. पण हा कान! माझ्या करंगळीच्या नखाएवढा, आणि त्यात सगळ्या घड्या जागच्या जागी. बघतच राहिलो.
मग घोळ घातला. तिने मधेच श्वास धरला, मशीन वाजलं, नर्स आली, आणि मी काचेला तोंड लावून बोलून गेलो, “धोंडे, घे गो श्वास. धोंडे.” श्वास आला. मागे व्हीलचेअरवर रेश्मा. तिने ऐकलं होतं.
“बाबा, नाही बोलायचं तिला ते. प्लीज. यू प्रॉमिस्ड.”
पार्किंगमध्ये जाऊन बसलो. उन्हात गाडी तापलेली, तरी बसलो.

५ नोव्हें.
खरंच वचन दिलं होतं. सहावीत होती ती. शाळेत हजेरी घेताना पूर्ण नाव वाचायचे, रेश्मा धोंडू अमुक. कुणीतरी अर्थ सांगितला असणार. घरी येऊन रडली. म्हणाली, बाबा, तुमचं नेम चेंज नाही होत? मी हसलो, आणि दुसऱ्या दिवसापासून डी. जी. झालो. वर्कशॉपच्या पाटीवर डी. जी., तिच्या लग्नपत्रिकेत डी. जी. पासपोर्ट आणि रेसिडेंट कार्ड सोडलं तर धोंडू कुठेच नाही. तिच्या घरात तो शब्द काढायचा नाही असं ठरलेलं. आणि काढला कधी, तर तिच्या पोरीच्या पेटीपाशी.
अक्काला फोन केला, गुहागरला. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, आईच्या जागी तीच. म्हणाली, “चांगला नाव ठेवू नको तिचा. तुला उकिरड्यावर लोळवलान् होता आयशीन, म्हणून ऱ्हायलास. धोंडी म्हण नि गप ऱ्हा.”
माझ्या आधी तीन गेली. चौथा मी. वाईट नाव ठेवलं की नजर लागत नाही, धोंड्याला कोण नेणार, असा हिशेब. मी हे रेश्माला कधी सांगितलंच नाही. लाज वाटायची. नावापेक्षा त्या उकिरड्याची जास्त.

७ नोव्हें., शुक्र.
सुट्टी. आमचा वेल्डर पत्रोस मासे घेऊन खोलीवर आला. केरळातल्या कोट्टयमचा, एकोणीस वर्षं एका छपराखाली काम. बाळासाठी प्रार्थना करणार होता, त्यात नाव घ्यायला हवं, म्हणून विचारलं. मी म्हटलं नाव नाही, मी आपला धोंडी म्हणतो. मग माझ्या खऱ्या नावापासून उकिरड्यापर्यंत सगळं सांगितलं. कुणाला प्रथमच सांगत होतो.
हसेल वाटलं होतं. त्याने हातातली सुरी खाली ठेवली.
“धोंडूभाई, मतलब पत्थर? मेरा नाम भी वही है। पत्रोस मतलब पत्थर।”
त्याने समजावलं. येशूचा पहिला शिष्य, कोळी. मूळ नाव वेगळंच होतं. येशूनेच त्याला नवीन नाव दिलं, खडक. ग्रीक भाषेत खडक म्हणजे पेत्रा, म्हणून पुरुषाचं नाव पेत्रोस. तोवर हे नाव माणसाला फारसं कुणी ठेवत नसे, त्याच्यापासून सुरू झालं. पुढे इंग्रजांनी पीटर केलं, केरळातल्यांनी पत्रोस. पत्रोसच्या घराण्यात तर दर दुसऱ्या पिढीला, आजोबांचं नातवाला.
मासे करपले. दोघांनी तसेच खाल्ले.

८ नोव्हें.
दिवसभर डोक्यात तेच. ओमानात आल्यापासून भेटलेले आठवत बसलो. पंपाच्या ट्रेनिंगला आलेला इटालियन, पिएत्रो. खाबुरा गावच्या टायरवाल्याकडचा फिलिपिनो, पेद्रो. पहिल्या साईटवरचा गोरा साहेब, पीटर, ज्याला मान खाली घालून सर म्हणायचो. लेबनॉनचा सेल्समन, बुत्रुस, कारण अरबीत प नाही. रशियात प्योत्र, फ्रान्समध्ये पिएर, हे पत्रोसने सांगितलं.
सगळे धोंडू! साहेबसुद्धा धोंडू. मीच तेवढा डी. जी.
हसू आलं, मग अंगावर काटा आला. दोन हजार वर्षं निरनिराळ्या देशांतल्या आया पोराला मांडीवर घेऊन धोंड्या म्हणतायत. लाडाने. कुणी नजरेच्या भीतीने नाही ठेवलं. भक्कम व्हावा, टिकावा म्हणून ठेवलं. आणि माझ्या आईला तरी दुसरं काय हवं होतं?

१० नोव्हें.
अर्बाब सालिमला विचारलं, दगडाला अरबीत काय म्हणता. तो चहा पीत होता. “हजर,” म्हणाला, आणि मान न वळवता अंगठ्याने पाठीमागे दाखवलं. पाठीमागे डोंगर. जबल हजर.
चोवीस वर्षं हा डोंगर बघतोय. झाड नाही, गवत नाही, नुसता दगड. लेथवरून मान वर केली की समोर. त्याचं नाव दगडांचा डोंगर आहे हे मला ठाऊक नाही! सालिम म्हणाला, त्याच्या पणजोबांचं नाव सख्र होतं, म्हणजे खडक. पूर्वी मुलांना अशीच नावं ठेवत.
वर्कशॉप बंद केल्यावर थोडा वेळ बाहेर थांबलो. ऊन उतरलं की हा डोंगर तांबूस होतो. नमस्कार करावासा वाटला. केला. पत्रोस शटर ओढत होता.

१२ नोव्हें.
वाईट दिवस. बाळाला इन्फेक्शन, ऑक्सिजन वाढवला. वजन एक किलो तीसवर उतरलं. मंदा फोनवर बोलता बोलता थांबली. रेश्मा फोन घेत नाही.
माझ्या तोंडी दिवसभर एकच शब्द. वचन मोडतोय, मोडू दे.

१४ नोव्हें., शुक्र.
आज बारावा दिवस. बारसं आज व्हायचं. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत, आत्या नाही. वॉर्डाबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर रेश्मा आणि मी.
सांगून टाकलं. तीन गेलेली, उकिरडा, धोंडू. मग पत्रोस, पिएत्रो, डोंगर. नीट जमलं नाही, मधेच पंपाकडे वळलो. ती ऐकत होती. मला वाटलं चिडेल. तिने विचारलं,
“ती तीन बाळं. त्यांची नावं काय होती?”
मला माहीत नाही. छप्पन्न वर्षांचा झालो, विचारलंच नव्हतं. तिथूनच अक्काला फोन लावला, स्पीकरवर. अक्काने एकेक करून सांगितली. यशवंत. सुमती. विजय. “चांगली ठेवली होती रे,” म्हणाली, आणि रडायला लागली. अक्काला रडताना मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.
रेश्माने माझा हात धरला. लहान असताना रस्ता ओलांडताना धरायची तसा.

१७ नोव्हें.
इन्फेक्शन आटोक्यात. एक किलो साठ. डॉक्टर म्हणतात अजून काही सांगता येणार नाही. पत्रोसने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. कुठल्या नावाने, विचारलं. म्हणाला, “पत्थर की नातिन।”
नितीनच्या मोबाइलवर नावांची यादी आहे, चाळीस-पन्नास, सगळी गोड. मंदा म्हणते, रेश्मा ती उघडूनसुद्धा बघत नाही.

१९ नोव्हें.
एक किलो एकशे दहा. आज रेश्माने तिला अर्धा तास छातीशी घेतलं, वायरींसकट. श्वास एकदाही अडला नाही, असं मंदा म्हणाली.
दुपारी लेथवर असताना रेश्माचाच फोन. मागे नर्सचा आवाज, कागदांचा आवाज. घाईत होती.
“बाबा, बाळाच्या जन्मदाखल्याचा फॉर्म भरतेय. तुमच्या पासपोर्टवर स्पेलिंग कसं आहे? तुमच्या नावाचं. पूर्ण.”
हात ग्रीसचे होते. डी, एच, ओ, एन, डी, यू, असं एकेक अक्षर सांगितलं. मशीन बंद केलं, पुन्हा सांगितलं. तिनेही पुन्हा म्हणून दाखवलं.
कुठल्या रकान्यात लिहायचंय ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. फोन ठेवला तेव्हा समोर डोंगर होता.