एदफूचा उंबरठा

२१ फेब्रु., शुक्र. अब्बासिया, कुवेत

भाजी निवडत असताना गावाहून दत्तादादाचा फोन. हात ओले, म्हणून स्पीकरवर घेतला. "माजी ढोपरां गेली. पायऱ्यो चढाक जमना नाय. वैशाख तुजो, तूच येवन कर. नायतर पगारी पुजारी ठेवतले. दोन तारखेक बैठक आसा, काय ता आदी सांग."

देवळाचे महिने आम्हा गुरवांच्या घरांत वाटलेले. आमच्याकडे वैशाख. माझे वडील आप्पा गेल्यापासून आमचा महिनाही दादाच काढतो, चुलत असून. एकदा पगारी माणूस बसला की आमच्या घरचा हात देवाला परत लागायचा नाही. सुनंदाने सगळं ऐकलं. "कंपनी महिनाभर सोडेल? आणि रिटायर झाल्यावर काय, कायमचं गावात? मी डोंबिवलीत वाढलेय, मला नाही जमणार." मी गवार मोडत बसलो. मला तरी जायचंय का, तेच आधी ठरेना.

२३ फेब्रु., रवि.

राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत इजिप्त. तिकीट महिन्यापूर्वीच काढलेलं, एकट्याचं. सु. म्हणते, दगड बघायला इतक्या लांब कशाला. आमच्या अहमदीच्या वर्कशॉपमधला हसन मूळचा एदफूचा, ज्या गावचं प्राचीन देऊळ मला बघायचंय. त्याचा सल्ला: ग्रुपबिप नको, क्रूझची जत्रा सकाळी असते, तू दुपारी जा, घोडागाडीवाल्याच्या नजरेला नजर देऊ नकोस. त्या देवळावरचं एक इंग्रजी पुस्तकही दिलंय. दादाला उत्तर नाही दिलं.

२६ फेब्रु., बुध. एदफू

कैरोहून रेल्वे. हाडं खिळखिळी. शेजारच्या म्हाताऱ्याने अर्धी भाकरी आणि फूल म्हणजे वालासारख्या दाण्यांचं कालवण आग्रहाने खायला घातलं. पुस्तकात वाचलं की त्या काळी इथले पुजारी पाळीने येत. महिनाभर सेवा, मग घरी शेतीवाडी. सेवेच्या दिवसांत तळ्यात अंघोळ, सगळ्या अंगावरचे केस काढलेले. वाचून सीटवर ताठ बसलो. हे तर आमचंच.

स्टेशन नदीच्या अलीकडे, देऊळ पलीकडे. टेम्पोत पाच बायका, एक बकरी आणि मी. घोडागाडीवाल्याकडे पाहिलं नाही, तरी तो चौकापर्यंत मागे आला.

आणि मग ते दार. मान मागे टाकली, टोपी पडली. काय माणसं होती ही. भिंतभर राजे देवाला काहीतरी देतायत, एक इंच मोकळा नाही. काळ्या दगडाचा ससाणा, इथला देव, दारात असा उभा, की आपण त्याला बघायला नाही, तोच आपल्याला बघायला आलाय. खांबांच्या दालनात गेलो की उजेड कमी, पुढे अजून कमी, जमीन चढत जाते, छत खाली येतं. गाभाऱ्याकडे कसं न्यायचं हे त्यांना बरोबर कळलं होतं. शेवटी दांडे लावलेली लाकडी होडी, नवी बनवलेली. खांद्यावरून देव न्यायची. आमची पालखीच.

तिथेच घोटाळा. उंबरठ्याशी पाय थांबले. बूट कधी काढून हातात घेतले ते कळलं नव्हतं. लोक आत जाऊन सेल्फी काढत होते आणि मला आत जाता येईना. प्रवासाचं पारोसं अंग, अंघोळ नाही. आप्पा अशा अंगाने कुणाला फिरकू देत नसत. रखवालदाराला वाटलं मी बक्षिसीला घाबरलो. "तफद्दल, नो मनी, कम." मी म्हटलं, "बाचिर." त्याने विचारलं, "कुवेती?" "हिंदी. कुवेतमध्ये काम." हसून हसून लाल झाला. बाचिर हा कुवेती शब्द, इथे उद्याला बुक्रा म्हणतात म्हणे.

आजच परतायचं होतं. लॉज घेतलं.

२७ फेब्रु., गुरु.

गिझर बंद. थंड पाण्याने अंघोळ, हुडहुडी. धुतलेला शर्ट दमट, तोच घातला. रखवालदाराने ओळखलं, माझ्या ओल्या केसांकडे बघून नुसती मान हलवली. अनवाणी आत गेलो.

भिंतीवर पहाटेची पूजा कोरलेली आहे. राजा कडी काढतो, दार उघडतो, देवाचं तोंड बघतो, नमस्कार करतो. क्रमाने, एकही पायरी न गाळता. आप्पा हेच, याच क्रमाने करायचे. इतकं सुंदर की रडू आलं. लाज नाही वाटली.

मागे करड्या दगडाचा देव्हारा, आरशासारखा घासलेला. आत काही नाही.

तोंडात आपोआप गाऱ्हाणं आलं. "बा देवा म्हाराजा..." गावात गुरव एकेक मागणं घालतो आणि जमलेले सगळे म्हणतात, व्हय म्हाराजा. थांबायची सवय, थांबलो. रखवालदार खोकला. बाकी कोणी नाही. इतकं सगळं केलं होतं या लोकांनी, आणि शेवटची पाळी कोणाची होती हेही आज सांगता येणार नाही.

दुपारच्या गाडीने कैरो.

१ मार्च, शनि. अब्बासिया

आज रोजे सुरू, सगळीकडे सामसूम. उठून आधी अंघोळ, मग चहा. सु. बघत राहिली. "तब्येत बरी आहे ना?"

दादाला फोन केला. मी येतो म्हणालो. तो म्हणाला, "गाऱ्हाणा येता मां तुका अजून?" येतं म्हटलं. खरं तर अर्धंच येतं.

सु. ओट्याशी कांदा चिरत होती. तिला फोनचं कळलंच होतं. आधी विचारायला हवं होतं, ते राहिलं. मी दाराशी उभा राहून मोठ्याने सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुजा लेकरू परदेशात ऱ्हवता, तेका वैशाखात तुज्या पायाशी येवक गावू दे रे म्हाराजा." सुरी चालूच. "कंपनीवाल्यांका रजा देवची बुद्धी दी रे म्हाराजा." चालूच. पुढचं आठवेना, मनचं घातलं. "आनि तेच्या घरकारणीच्या मनात जी काय अढी आसात, ती दूर कर रे म्हाराजा."

सुरी थांबली. पाठमोरीच होती. कांद्याने की कशाने, नाक ओढलं.

"व्हय म्हाराजा," म्हणाली. ही कधी मालवणी बोलत नाही. कोणत्या सुरात म्हणाली, ते मला अजून कळलेलं नाही.