देवणी गर्भवती आहे

९ मार्च, सोमवार

आजही आला! सकाळी सात वाजता, लातूरहून, भागवतरावांचा मेसेज — 'आपल्या आठवणींचा दरवळ मनाच्या अंगणात रेंगाळत राहतो.' दरवळ! रेंगाळत! आणि हाच माणूस मला पाहायला नांदेडला आला तेव्हा दीड तास छताकडे बघत बसला होता. तोंडातून शब्द काय निघाला, तर "पंखा आवाज करतोय." बाबा ओशाळले. म्हणाले, लग्न ठरलं की नवाच बसवू.

पाडव्याला होय-नाही कळवायचंय. मी तर मनात कधीच हो म्हटलंय. मराठी शिकवणाऱ्या बाईला असा लिहिणारा नवरा — नशीबच फळफळलं की! आनंदात एसटीतून उतरायचंच विसरले. पुढच्या गावाहून शाळेत चालत आले, तेही गुणगुणत.

१० मार्च, मंगळवार

शाळा सुटल्यावर मोठ्या बायकांचा साक्षरता वर्ग. आज मंजुळाबाईंनी वहीच मिटली. वय बासष्ट, जिद्द दांडगी, आणि तरी! "बाई, चार म्हैने झाले, म्या अजून 'ग'ला काना देऊन राहिले. नातीचा मोबाइल नुसतं बोललं की आपल्याच मनानं समदं पत्र लिव्हतो. कालच केवळाला पत्र धाडलं." केवळाबाई म्हणजे उदगीरला दिलेली धाकटी बहीण.

"मग मला कशाला पायजे लिव्हायला?" भागवतरावांना विचारायला हवं. ते किती छान सांगतील!

१२ मार्च, गुरुवार

हसून हसून पोट दुखतंय. वर्ग चालू असताना केवळाबाई दारात हजर! पिशवीत हिरव्या बांगड्या, खण, नारळ. डोळ्यांत पाणी आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"अक्का, घरात नवी सून आणलीस आन सख्ख्या बहिणीला सांगावा बी न्हाई? कुठाय ती देवणी?"

"गोठ्यात हाय," मंजुळाबाई म्हणाल्या.

"दोन जिवाची पोर गोठ्यात ठिवलीस?"

मी केवळाबाईंचा मोबाइल मागून पत्र मोठ्याने वाचलं. 'आदरणीय भगिनी, आपल्या घरची देवणी गर्भवती आहे हे कळविताना अत्यानंद होत आहे.' देवणी म्हणजे मंजुळाबाईंची देवणी जातीची गाय! केवळाबाई उसळल्याच — "गाय गाभण असती! गाईला कोन गर्भवती म्हंतंय?" अख्खा वर्ग लोळला. मीही.

मग पुढची ओळ वाचली. 'आपल्या आठवणींचा दरवळ मनाच्या अंगणात रेंगाळत राहतो.'

शब्दन् शब्द तोच.

१३ मार्च, शुक्रवार

फसवलं मेल्यानं. आणि तेही गाभण गाईच्या पत्रातल्या वाक्यानं!

१४ मार्च, शनिवार

राहवलं नाही. मंजुळाबाईंना सगळं सांगून टाकलं. हिरव्या बांगड्या त्यांनी स्वतःच भरल्यात — गाय काय घालणार! शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आन तुमी काय लिव्हून राहिल्या त्येला?"

एसटीची वेळ झाली म्हणून उठले. इथे तरी खरं लिहिते. माझी उत्तरंही मोबाइलनेच लिहिली. एवढ्या सुंदर लिहिणाऱ्यापुढे माझी साधी वाक्यं पाठवायची लाज वाटली. पोरांनी असं केलं तर मी पानभर परत लिहायला लावते! म्हणजे दोन आठवडे दोन मोबाइल एकमेकांवर प्रेम करत होते आणि आम्ही दोघं नुसते त्यांना चार्जिंगला लावत होतो. वाचून मलाच हसू फुटलं. मग थोडं रडूही आलं. तो माणूस कोण आहे, मला काहीच माहीत नाही.

संध्याकाळी पेनाने लिहिलं, फोटो काढून पाठवलं — 'आधीचं काही माझं नव्हतं. तुमचंही नव्हतं. पाडव्याच्या आत तुमच्या हाताने लिहा, जमेल तसं. नाहीतर माझा नकार समजा.'

१६ मार्च, सोमवार

काही नाही.

१७ मार्च, मंगळवार

काही नाही. मंजुळाबाईंनी मात्र वही उघडली. उदगीरला पोस्टाने जाणारं त्यांचं पहिलं पत्र — 'केवळा, गाय गाभन हाय. वासरू झालं की खरवस खायला ये. बांगड्या मला बसल्या.' अक्षरं उतरंडीसारखी एकावर एक. सवयीने लाल पेन उघडलं. परत टोपण घातलं. केवळाबाईंना यातलं सगळं कळेल.

१८ मार्च, बुधवार

आला! आला! वहीच्या पानाचा फोटो. अक्षर रेघ सोडून पळतंय, तीन ठिकाणी खाडाखोड — 'मी आयटीआयला वायरिंग शिकवतो. मला लिहता येत नाही. ते मोबाईलच होतं, चुकलं माझं. त्या दिवशी पंख्याकडं बघून राहिलो कारण तुमच्याकडं बघायची हिम्मत होईना. त्याची बेरिंग गेलीय. मी आलो तर दूरूस्त करतो.'

'दूरूस्त'! दोन्ही उकार दीर्घ! सात वेळा वाचलं.

१९ मार्च, पाडवा

सकाळीच नांदेडला बाबांना फोन केला. म्हटलं, नवा पंखा आणू नका.