मागची सीट

दादा,

तळ्यातून हे विमान वर काढताना एक क्रेन मोडली आणि माझी कंबर कामातून गेली. पंखावर टिचकी मारली, तर तोच लहानपणीचा आवाज! छाती फुगवून सगळ्यांना सांगितलं, "बाबा बेपत्ता झाले ते याच विमानातून. माझे कान फसत नाहीत."

तेव्हापासून आई रोज संग्रहालयाच्या शेडमध्ये येऊन पंख पुसते, बाबांशी बोलते. आज आतला गाळ निघाला. ती डोकावून म्हणाली, "अरे, ही मागची सीट कुणाची?"

"सामानाची असेल."

"बरं," म्हणून हसली आणि पुसत राहिली.

तिला कळलंय की नाही, मला कळेना. खरं सांगू की पुसू देऊ? पत्र धाडलं तर तू लगेच तिला फोन करशील, म्हणून खिशातच ठेवतो.

बाबांच्या विमानाला एकच सीट होती.

तुझा,
धाकटा