हिराचं मीठ

धुळे, ता. ४ फेब्रुवारी १९४१

आज बायकांच्या वॉर्डात हाणामारी. सगळं आवरून आत्ता लिहायला बसले.

सकाळी शिरपूरकडच्या खेड्यातून एक पोर बैलगाडीत घालून आणली. नाव हिरा. विशीचीही नसेल. नुसता हाडांचा सापळा, ओकून ओकून डोळे खोल गेलेले. केस भादरलेले. पोटावर तापल्या विळ्याचे डाग. सोबत फक्त आई, तिनंच सासरच्यांची नजर चुकवून आणलेली.

दुपारी नवरा आणि दीर येऊन धडकले. दिरानं पोरीला मनगटाला धरून खाटेखाली ओढलं. "डाकीण शे ती! काळी पडनी, मीठ चोरी चोरी खास!" आमचा वॉर्डबॉय शंकर आडवा गेला, तर त्याच्या डोक्यात काठी. माझ्या हातात बेडपॅन होतं. तेच हाणलं दिराच्या थोबाडावर, भरलेलं. ओरडत पळाले दोघे.

शंकरला टाके पडले. टाके घालताना मेला हसत होता, म्हणे, सिस्टरबाई, नेम चांगला आहे तुमचा.

ता. ५

डॉ.नी तपासलं. हिरड्या काळ्या, तळहाताच्या रेषा काळ्या, डागलेल्या जागा तर शाई ओतल्यासारख्या. रक्तदाब अगदी खाली. म्हणाले, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, हिच्या त्या निकामी झाल्यात. त्यांचा रस नाही म्हणून अंगात मीठ टिकत नाही. माणूस काळं पडतं, वाळतं, एक दिवस कोसळतं ते उठत नाही. इंजेक्शन निघालंय, पण विलायतेहून यायला हवं, आणि लढाईत बोटी कुठल्या? तोवर मीठ हेच औषध. भाकरीत मीठ, पाण्यात मीठ, मधूनमधून साखर. एकदम उभं करायचं नाही. जुलाब द्यायचा नाही. केळी बंद.

म्हणजे अंग मीठ मागत होतं, आणि मीठ खाल्लं म्हणून पोरीला डागली! आई सांगते, सासूनं हात धरले, गावच्या भगतानं विळा टेकवला. मिरच्यांची धुरी वेगळीच. वर भगताचा हुकूम, हिला अळणी जेवू घाला, अळणी अन्नावर अंगातलं भूत टिकत नाही. भूत नाही, पोर टिकत नाही रे मुडद्या!

त्या भगताला एकदा माझ्या वॉर्डात आणा कुणी.

ता. ९

हिरा बसली. पेजेत मीठ घालून दिलं तर वाटी चाटून पुसून लख्ख. रक्तदाब थोडा वर. डागांतला पू कमी, मलमपट्टी करताना आज ओरडली नाही.

मला म्हणते, "सिस्टरबाई, आठे कोनी मारस नही का?"

म्हटलं, इथे फक्त मी मारते, आणि ते पेशंटला नाही. हसली. काळ्या हिरड्यांवर पांढरे दात, बरं वाटलं बघून.

सासरी धाडू नका म्हणाली. एवढंच. दुसरं काही मागत नाही.

ता. १२

हिरा कोसळली. ओकाऱ्या, अंग गार, नाडी सापडेना. डॉ. धावत आले, शिरेतून मिठाचं पाणी सोडलं. मला सगळ्यांदेखत बोलले, मीठ देताय की नुसतं लिहिताय? माझ्या हातानं पाणी कालवून आईच्या हातात देत होते, दर वेळी.

संध्याकाळी पाहते तर ती आई मोरीशी वाकून मिठाचं पाणी ओतून देतेय. पदराखाली वेगळी भाकर, अळणी. पेजसुद्धा तीन दिवस हीच खात होती, आणि पोरीला आपली भाकर.

माझं डोकंच फिरलं. तिच्या थोबाडीत मारली. भिंतीवर आपटली बाई. रडत म्हणाली, "देवीले बोलेल शे, बाई. पोर बरी होस तवलोंग ती अळणी खाई. नवस मोडं ते देवी लई जाई तिले."

भगतानं नव्हे, आईनं! त्यांनी मारायला अळणी घातलं, हिनं जगवायला. पोर मात्र दोन्हीकडून मरायची.

मारायला नको होतं का? हो, नको होतं. पुन्हा ओतताना दिसली तर पुन्हा मारीन.

ता. १३

हिरा शुद्धीवर.

डॉ. आईला ग्रंथी समजावत बसले. ती मान डोलावते आणि काहीच ऐकत नाही. मग मी गेले. तिच्या गालावर माझी बोटं उठलेली. म्हटलं, मावशी, पोर आजारी असली की तिचा उपास आई धरते की नाही? "धरस." मग अळणीपण तू धर. नवस तू बोललीस, तूच फेड. देवीला मीठ सोडलेलं तोंड हवंय, ते कुणाचं का असेना.

मग उठली, आपल्या हातानं चिमूट घेतली आणि हिराच्या जिभेवर ठेवली. स्वतः अळणी भाकर घेऊन बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी पट्ट्या मोजायच्या निमित्तानं आत गेले.

ता. २०

हिरा चालते, खोलीभर. डॉ. म्हणाले, माहेरी जाऊ दे, खाट हवीय. माहेर पाचोऱ्याजवळ.

मी आणि शंकर स्टेशनावर गेलो. मिठाची पिशवी शिवून दिली, म्हटलं हिराच्या कमरेला बांधा. आई म्हणाली, अशक्त पोर, तिला भार कशाला, मी धरते. बरं म्हटलं. कुठून म्हटलं!

गाडी हलल्यावर दिसलं, शेवटच्या डब्यात दीर, तोंडावर अजून माझ्या बेडपॅनचा व्रण. सोबत आणखी तिघे. मी ओरडत पळाले गाडीमागे. फलाट संपला.

पाचोऱ्याची गाडी चाळीसगावला बदलायची, तिथे तार केली. उत्तर नाही.

ता. २२

आई परत आली. पायी. ओठ फाटलेला, पुढचे दात नाहीत, लुगड्यावर वाळलेलं रक्त. मिठाची पिशवी छातीशी धरलेली, गाठ तशीच.

"चाळीसगावले गाडी थांबनी. तिना दीर नि त्याना माणसं डबामा चढी उनात. पोरले उचली लई ग्यात. मीठ मन्हाजोडेच ऱ्हायनं, बाई."

पाणी दिलं, पेज दिली. पेजेत मीठ आहे का विचारलं आधी. आहे म्हटल्यावर वाटी सरकवली. "मी नवस मोडेल नही." ओठातून रक्त गळतंय आणि बाई अळणी मागतेय.

पोलिसांकडे गेले. जमादार म्हणाला, नवऱ्यानं बायको नेली, त्यात गुन्हा काय?

डॉ.ना विचारलं, मिठावाचून किती दिवस? ते म्हणाले, परवानगीशिवाय शिरपूरकडे गेलात तर नोकरी जाईल. गेली तर गेली. मिठाच्या पाण्याच्या बाटल्या आणि सुई त्यांनीच काढून टेबलावर ठेवली आणि पाठ फिरवून उभे राहिले.

शिरपूरची मोटार आता सुटेल. आई येतेय, वाट तिला माहीत. शंकर टाक्यांच्या जागी फडकं बांधून दारात उभा. म्हणतो, सिस्टरबाई, काठी मी घेतो.

म्हटलं, काठी मला दे. तू मीठ धर.