गोष्टीचे स्थळ

तिरोडा,
६ मार्च १९५८

प्रिय दादा,

तुला आणि शकुंतला वहिनीला नमस्कार. आम्ही आत्या-भाची इथे मजेत आहोत. लाखोरीचे पीक घरात आले का? मोहफुले पडायला लागली असतील. बोदलकशाच्या तलावाला पाणी किती उरले, तेही कळव.

तुझी चिठ्ठी आपल्या गड्याने, बिसरामने आणून दिली. "अक्षय तृतीयेचे लग्न धरले आहे, शाळा पुरे, शनिवारी रुख्मीला घेऊन ये." संपली चिठ्ठी! बहिणीची ख्यालीखुशाली विचारायला शाई आटली होती वाटते. असो. तुझा स्वभाव मला आजचा का ठाऊक आहे? स्थळ चांगले आहे हे मीही जाणते. नागऱ्याचे छोटेलालजी म्हणजे खाऊनपिऊन सुखी माणूस, मुलगा निर्व्यसनी, गावात शब्दाला वजन. वाकडे बोलायला जागा नाही.

उत्तराला उशीर झाला, कारण सातवीची फायनल तोंडावर आली आहे आणि सगळी शाळा माझ्याच डोक्यावर असल्यासारखी मी धावते. यंदा मराठीच्या पेपरात गोष्टीवर प्रश्न येणार, म्हणून पोरींना गोष्टीचे अवयव शिकवायला घेतले. फळ्यावर ओळीने लिहिले: कथानक, पात्रे, स्थळ, काळ, संघर्ष, शेवट. पात्र म्हणजे काय विचारले, तर मागून आवाज आला, "गंज, बाई!" वरण शिजवायचा गंज! म्हटले, बरोबर आहे ग बाई, पण गोष्टीत माणसांनाही पात्र म्हणतात. मग त्या दिवशी सगळ्या जणी एकमेकींना "ए गंजा" म्हणून हाका मारत घरी गेल्या.

खरी मजा पुढच्या दिवशी. पुस्तकात एक धडा आहे, हरवलेली म्हैस शोधत एक म्हातारी तलाव, जंगल, टेकडी पालथी घालते. मी जमुनेला विचारले, या गोष्टीचे स्थळ कोणते? पोरगी उभी राहिली, विचारात पडली आणि म्हणाली, "बाई, ह्या गोष्टीत त लगनच नाई. मंग स्थळ कोठून येईन?"

मला हसू आवरेना. चूक तिची नव्हती. आपल्याकडच्या पोरींनी हा शब्द ऐकला आहे तो एकाच कामासाठी. तेवढ्यात अनुसया ओरडली, "बाई, रुख्मीले इचारा! तिचं स्थळ नागऱ्याचं आहे!" वर्ग खो खो हसला. मीही हसत होते दादा, आणि हसता हसता रुख्मीकडे पाहिले. ती हसत नव्हती. ती उभी राहिली आणि पाठ केल्यासारखी म्हणाली, "गोष्ट जेथे घडते त्या जागेस स्थळ म्हणतात." उत्तर बरोबर होते. मी तिला बसायला सांगितले.

मग संघर्ष शिकवला. पोरींना वाटते, संघर्ष म्हणजे मारामारी. दंडारीच्या खेळात राक्षस येतो तसा एक दुष्ट पाहिजेच. रुख्मीने हात वर केला. "बाई, सगरेच चांगले असन, त संघर्ष कोनासंग होते?"

तिला उद्या सांगते म्हटले.

घरी तांदूळ निवडताना मी तिला विचारले, तुला हे स्थळ आवडले नाही का? तर म्हणाली, "आत्या, मुलगा मी पाह्यलाच नाई, त आवडाचं का आन् नावडाचं का? मले फायनल देऊ द्या. पास झालो त भंडाऱ्याले मास्तरणीचं शिकाचं आहे. मंग जेथं म्हनाल तेथं द्या मले." मी म्हटले, हे बाबांना का नाही सांगितलेस? "बाबा माह्याकडे पाहून बोलतच नाईत आत्या. दिवाळीपासून असेच करून राह्यले." आणि एवढे बोलून रडली. आवाज न करता रडते ती, आपली आई रडायची तशी.

दादा, अक्ती आणि फायनल एकाच आठवड्यात येतात. हे तुला ठाऊक नाही असे कसे होईल? मी विधवा होऊन परत आले, तेव्हा सारे गाव म्हणत होते, हिला आता चूल आणि कोपरा. तू गाव अंगावर घेतलेस आणि मला शाळेत घातलेस. बंडीत बसवून स्वतः सोडायला आला होतास. बहिणीसाठी ज्याने हे केले, तो लेकीचे दीड महिन्यावर आलेले पेपर बुडवतो, हे माझ्या डोक्यात शिरेना. राग आला. तुला चार शब्द सुनावायचे म्हणून दोनदा कागद घेतला आणि दोनदा फाडला.

आता सांगायचे ते सांगते. वहिनीला वाचून दाखवण्याआधी तू एकटा वाच.

मी रविवारी नागऱ्याला गेले होते. तुला न विचारता. गोंदियापर्यंत गाडीने आणि पुढे टांग्याने. मुलीच्या आत्याने एकटीने उठून वरपक्षाच्या दारात जायचे, असे आपल्यात कोणी केले नाही, हे मला कळते. छोटेलालजींनी पाणी दिले, बसायला सतरंजी टाकली. मी म्हटले, पोरीचे पेपर होईपर्यंत थांबा, एवढीच विनंती करायला आले आहे. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मीच चूक बोलले की काय!

"थांबाले आमी कधी नाई म्हनलो, बाई? मी त जेठ महिन्यात करू म्हनलो होतो. अक्तीची घाई तुमच्या भावाचीच आहे."

मी म्हटले, माझ्या भावाला कायची घाई? त्यांनी नजर टाळून मला पुन्हा पाणी विचारले. त्यांची बायको आतून बाहेर आली आणि म्हणाली, "सांगून द्या ना. बहीण आहे त्याची. तिले नाई सांगाचं त कोनाले?"

तेव्हा त्यांनी सांगितले. शिवरात्रीच्या जत्रेत तू त्यांच्या ओट्यावर छाती धरून बसलास. घामाने ओला झालास. तेच तुला गोंदियाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. छातीत दिवाळीपासूनच दुखते, हे तू तिथे कबूल केलेस. डॉक्टर म्हणाला, हृदयाचे दुखणे आहे, नांगर धरायचा नाही, ओझे उचलायचे नाही, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात लवकर दाखवा. आणि तू म्हणालास, "पोरीचं लगन झाल्यावर जाईन." वर त्यांच्या हातावर हात ठेवून वचन घेतलेस, "माह्या घरी सांगू नका." बिचाऱ्याने ते माझ्यासमोर मोडले, आणि मोडताना त्यांच्याच डोळ्यांत पाणी आले. म्हणाले, "लेक आमी नेऊच. पन बापाले मारून नाई नेनार. तारीख तुमच्या भावानं धरली, मोडाची त त्यानंच येऊन मोडावं. मी वाट पाहून राह्यलो म्हना."

दादा, परतीच्या गाडीत मी सारी वाट रडत आले. समोरची बाई विचारत होती, "का झालं?" तिला म्हटले, डोळ्यांत कोळसा गेला.

म्हणजे दिवाळीपासून तू पोरीकडे पाहत नाहीस ते याच्यासाठी. आपण गेलो तर तिचे कोण, म्हणून घाईघाईने तिला एका घरात ठेवून मोकळा होणार होतास. आपल्या मनाशी तू शेवट ठरवून टाकलास. वहिनीला कळू दिले नाहीस, मला नाही, आणि ज्या पोरीसाठी एवढे चालले आहे, ती तिकडे वर्गात विचारते, सगळेच चांगले तर भांडण कोणाशी.

तुझ्या दुखण्याची मला भीती वाटते. खूप वाटते. पण राग आला आहे तो त्या दुखण्याचा नाही. पोरीचे पुढे कोण, असे तू मनात विचारलेस, तेव्हा माझे नाव तुला सुचले नाही. नवरा नसलेली बाई कोणाचा आधार होऊ शकत नाही, असे गाव म्हणते. तू तसे म्हणायला नको होतेस. तूच मला शिकवलेस रे. मला पगार आहे, घर आहे, सरकारी नोकरी आहे, आणि त्या पोरीवर माझा जीव आहे. तुला काही झाले तर मी आहे. तुला काही झाले नाही तरी मी आहे.

शनिवारी मी रुख्मीला आणणार नाही. ती अभ्यास करते आहे, तिला करू दे. तू मात्र वहिनीला सगळे सांग, नागऱ्याला जा, तारीख मोड आणि तिथून इकडे ये. शाळेत मी रजेचा अर्ज दिला आहे. नागपूरला आपण दोघे जाऊ. बैल बिसरामकडे सोपव, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला शीक, तो तुझ्यापेक्षा वाईट नांगरत नाही.

रुख्मीला मी तुझ्या दुखण्याचे सांगितलेले नाही. ते तू सांगायचे आहे. तिच्याकडे पाहून.

मला विसरलास, तरी तुला न विसरलेली, तुझ्या लेकीची आत्या,

प्रेमिला