निळ्या खोळीचं पाखरू

१२ जून
मोहाच्या झाडावरून सर्पगरुडाचं पिल्लू पडलं. वनचौकीत आणलं. प्राण्यांचे डॉक्टर फोनवर: "तुमचं तोंड दिसू देऊ नका, आवाज नको. माणसाची सवय लागली तर जन्मभर पिंजरा." डोक्यावरून पांघरायच्या, मेणकापडाच्या दोन निळ्या खोळी केल्या. एक मले, एक वनमजूर दसरूभाऊले. डोळ्यापुरती भोकं. आरशात पाह्यलं तं मीच दचकली.

२० जून
दसरूभाऊ बोलतेच! "खा ना बाबू, लाजू नोको." चारायचा चिमटा दाखवून गप्प केलं. बाहेर आल्यावर म्हणते, "पावण्याले मुक्यानं वाढलं तं अंगी लागते का मॅडम?" रिटायरमेंटले दोन वर्षं राह्यली, आता त्याले काय शिकवू.

४ जुलै
घाईत खोळ विसरली, तशीच आत गेली. आला ना अंगावर! कपाळावर दोन ओरखाडे, रक्त. मी खुश. डॉक्टरही.

९ जुलै
सोडला. सरळ नदीकडं. मी रडली. दसरूभाऊ दुपट्ट्यानं नाक पुसत राह्यला.

१० जुलै
सकाळीच गावातली सुमनबाई धावत आली: "मॅडम, तुमचं पाखरू आमच्या धानाच्या बांधीत! तोंड वासून माह्याच मांगं फिरून राह्यलं!"
गेली. झडीचं पाणी, धानाचं रोवणं, पंधरा बाया वाकलेल्या. पंधराही जणींच्या डोक्यावर निळं मेणकापड.
कराले गेली काय अन् वर झाले पाय. रोवण्यात सारं गाव निळं असते, हे याच गावात राहून मले सुचलं नाई. मूर्ख मी.
डॉक्टर: तीन दिवस पाहू. कोणी चारायचं नाही. स्वतः पकडून खाल्लं तर ठीक, नाहीतर पिंजरा घेऊन येतो.

११ जुलै
बायांच्या पाया पडली. खोळी काढा म्हटलं.
"तुमच्या पाखरापायी आमी भिजू का?" सुमनबाई कडाडली. पण पहिली खोळ तिनंच काढली. मंग साऱ्या "हाड, हाड" करत त्याच्यावर धावल्या. तो गोंधळला. दिवसभर उपाशी. मीही जेवली नाई.

१२ जुलै
बाया शिंकून राह्यल्या. गरुड मोहावर, भिजलेला. दुपारी पलीकडच्या धुऱ्याच्या बांधामागं उतरला. उडाला तं पायात बेडूक! बाया ओरडल्या, मी चिखलात नाचली.
चौकीत आली. खुंटीवर दसरूभाऊची खोळ, ओलीचिप्प.
"भाऊ, धुऱ्याकडं गेलते का?"
"पाण्यापावसात बिनाखोळीचा फिरू का मॅडम?"
"बेडूक तुमी देल्ला?"
माह्याकडं पाहेच ना. "तिसरा दिवस होता त्याचा उपासाचा," इतकंच म्हणे.
डॉक्टरचा फोन वाजून राह्यला. दुसऱ्यांदा. दसरूभाऊ दारात उभा. मी उचलला नाई अजून.