न मोजलेलं पाणी

१२ फेब्रु. केडगाव
महेशला जाऊन आज महिना. इंटरफेसचं काम पुन्हा उघडलं. जिल्ह्यातल्या विहिरींच्या पाण्याच्या नोंदी. प्रोग्रॅम संगणकाच्या कुठल्याही भाषेतला असो, त्यानं यावं, आकडा द्यावा, उत्तर घेऊन जावं, असं एकच दार आम्ही दोघांनी मिळून केलं. आता एकटीनं रेटायचं. राग येतो, त्याचाच.

१५ फेब्रु.
ज्या संस्थेसाठी हे काम चालतं, तिच्या सरांचा पारनेरहून फोन. "मॅडम, पुणतांब्याची ती विहीर जानेवारीत तेरा दिवस आटली, अन् चौदाव्या दिवशी एकदम बावीस फूट?"
ती विहीर महेशच्या वडिलांची. अप्पा रोज सकाळी दोरी सोडून पाणी मोजतात. ते तेरा दिवस सुतकाचे, मोजलं नव्हतं, एवढंच. फोन ठेवला आणि रडले.

१६ फेब्रु.
चूक माझी. काही भाषांत 'माहीत नाही' हे नीट सांगता येत नाही, म्हणून न मोजलेल्या दिवशीही शून्यच घ्यायचं, हे मी ठरवलेलं. महेश केवढा भांडला होता. "अगं, पाणी नाही आणि मोजलं नाही, यात काही फरक आहे की नाही?" मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत बघू. शहाणी मोठी.

४ मार्च
नवी आवृत्ती झाली. न मोजलेला दिवस आता रिकामा राहतो. पण जुनं दार उघडं आहे तोवर खोटी शून्यं येणारच, ते बंद करायला हवं. नोंदी पाठवणाऱ्या बाकी सगळ्यांनी आपापले प्रोग्रॅम बदलून घेतले. राहिला एकच, अप्पांचा. महेशनं लिहिलेला. मूळ कोड कुठेच सापडत नाही, आणि त्याशिवाय तो बदलता येत नाही. त्याचा लॅपटॉपही धुंडाळला.

९ मार्च, पुणतांबा
अप्पांनी माझ्यासमोर संगणक लावला. प्रोग्रॅम आधी कालची नोंद मागवतो, मग पडद्यावर येतं: 'अप्पा, काल वीस होतं. आज किती?' आकडा टाकला की: 'बरं. जेवा वेळेवर.'
 चहा झाल्यावर म्हटलं, अप्पा, मी नवा लिहून देते, अगदी अस्साच. हेच तर आमच्या कामाचं कौतुक होतं, विचारणारा कोण याच्याशी दाराला देणंघेणं नाही.
अप्पांनी कप खाली ठेवला. मग, "तू करशील पोरी, लई मायेनं करशील. पन मग तू इचारशील. आत्ता त्यो इचारतोय."

१८ मार्च
फक्त अप्पांपुरतं जुनं दार ठेवू का, असं सरांना विचारलं. "आज एक, उद्या दहा. नोंदी खऱ्या हव्यात ना?" बरोबर आहे त्यांचं. ३१ ला बंद. अप्पांना फोनवर सांगितलं. 'बरं' म्हणाले.

३१ मार्च
सकाळीच अप्पांचा फोन. "बंद कर, पोरी. खोटं लिहून कुनाचं भलं हुतंय? फकस्त माझं आजचं मोजून हुऊ दे."
साडेसातला नोंद आली. एकोणीस फूट.
आता रात्रीचे साडेअकरा. सरांचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. दार बंद झालं की कालची नोंद मिळणार नाही, आणि ती मिळाली नाही तर तो प्रोग्रॅम काहीच विचारत नाही. उद्या अप्पा विहिरीवरून येतील, संगणक लावतील, आणि
दार अजून बंद केलेलं नाही.